बालपणीची विचारपद्धती, आशा आणि तरुणांची कालदृष्टी

आपल्या शाळेतून चौथी किंवा सातवी होऊन गेलेली मुले आठ-दहा वर्षांनी पुन्हा गावात भेटतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यातील एक फरक प्रत्येक शिक्षकाच्या ध्यानात येत असतो. एक तरुण म्हणतो, “या दिवाळीपर्यंत शिवणयंत्राचे हप्ते फिटतील, मग पुढच्या वर्षी तालुक्याला गाळा घेण्याचा विचार आहे.” दुसरा, तितक्याच बुद्धीचा, तितक्याच कष्टाळू घरातला तरुण म्हणतो, “पुढचं पुढं बघू. ठरवून काय होतंय?” दोघांसमोर काळ तेवढाच पडलेला आहे. परंतु पहिल्यास तो वाटेसारखा दिसतो आणि दुसऱ्यास भिंतीसारखा. हा फरक येतो कोठून, आणि तो घडत असताना प्राथमिक शाळेचा त्यात काही वाटा असतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. दहावीनंतर शिक्षण सोडावे की नाही, मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलावे की नाही, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावी की नाही, असे निर्णय तरुण माणसे व त्यांची कुटुंबे घेतात, तेव्हा त्या निर्णयांच्या मुळाशी काळाविषयीची एक धारणा असते. ती धारणा अठराव्या वर्षी एकाएकी उगवत नाही. तिची मुळे सहा ते बारा या वयात, म्हणजे आपल्या हाताखाली मुले असतात त्याच वर्षांत, रुजलेली असतात.

१. कालकल्पना जन्मतः मिळत नाही

काळाची जाणीव ही जन्मजात असावी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी या विषयाचा मूलभूत अभ्यास केला. १९२८ साली दावोस येथे भरलेल्या एका व्याख्यानसत्रात प्रख्यात शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांनी त्यांना काही प्रश्न सुचविले. मुलांची काळाची कल्पना आधी तयार होते की वेगाची, असा त्या प्रश्नांचा रोख होता. त्यातून पियाजे यांचे संशोधन उभे राहिले आणि १९४६ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

त्यांचा एक प्रयोग कोणत्याही वर्गात करून पाहण्याजोगा आहे. दोन खेळण्यांतल्या बाहुल्या एकाच क्षणी चालावयास लावून एकाच क्षणी थांबवावयाच्या, परंतु एकीचा वेग जास्त ठेवावयाचा. साहजिकच ती पुढे जाऊन थांबते. पाच-सहा वर्षांच्या मुलास विचारले की, जास्त वेळ कोण चालली, तर ते पुढे गेलेल्या बाहुलीकडे बोट दाखविते. त्याच्या लेखी ‘लांब’ आणि ‘जास्त वेळ’ हे एकच असते. वयाबाबतही असेच घडते. सफरचंदाचे झाड आधी लावले, नासपतीचे एक वर्षाने नंतर लावले, परंतु नासपती झपाट्याने वाढून उंच झाली, असे चित्रांतून दाखविले असता लहान मुले नासपतीचेच वय जास्त असे सांगतात. आपल्याकडेही पहिलीतील मूल उंच चुलतभावास थोरला आणि ठेंगण्या आत्यास धाकटी ठरविते, ते याच न्यायाने.

भाषाही या वयात फसविते. मराठीत ‘परवा’ हा एकच शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांस लागतो. तो कोणत्या बाजूचा, हे क्रियापदावरून ठरते. “परवा मामा आला” आणि “परवा मामा येणार” या दोन वाक्यांतील भेद कळण्यास मुलास भूत आणि भविष्य यांची स्वतंत्र घडण मनात असावी लागते. चार-पाच वर्षांची मुले ‘काल’ आणि ‘उद्या’ यांचीही अदलाबदल करतात. यात मंदपणाची खूण मुळीच नाही. मन काळाची मांडणी करू लागले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पियाजे यांच्या मते साधारण सात-आठ वर्षांच्या सुमारास मूल क्रम आणि अवधी यांची सांगड घालू लागते. आधी काय झाले, नंतर काय झाले आणि मध्ये किती वेळ गेला, या तीन गोष्टी एकत्र धरता आल्या म्हणजे कालकल्पना स्थिर होते. अकरा-बाराव्या वर्षापासून मूल ‘असे झाले तर’ या पद्धतीने, म्हणजे प्रत्यक्षात न घडलेल्या शक्यतांचा विचार करू लागते. आपल्या स्वतःच्या भविष्याची कल्पना करण्याचे सामर्थ्य याच टप्प्यावर येते. म्हणजे प्राथमिक शाळेत येणारे मूल काळाचे ज्ञान घेऊन येत नाही. ते आपल्या देखत, अंशतः आपल्या हातून, ते घडवीत असते.

२. ‘असे का झाले?’ या प्रश्नाचे उत्तर

काळाची चौकट तयार झाली, तरी तिच्यात भविष्य कसे भरले जाते हे वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून असते. घडलेल्या गोष्टीचे कारण मूल स्वतःस काय सांगते, ती ही गोष्ट होय. भागाकार चुकलेले एक मूल म्हणते, “मला गणित येतच नाही.” दुसरे म्हणते, “वरचा अंक खाली घ्यायचा राहिला.” पहिल्याने दिलेले कारण कायमचे आहे आणि सर्व गणितास व्यापणारे आहे. दुसऱ्याचे कारण तात्पुरते आहे आणि एका पायरीपुरते आहे. पहिल्या मुलाच्या दृष्टीने उद्याचा दिवस आजच्यासारखाच असणार. मग उद्याची वाट तरी कशासाठी पाहावयाची? दुसऱ्याच्या दृष्टीने उद्या आणि आज यांत फरक पडू शकतो. विचार करण्याची ही सवय हळूहळू काळाविषयीची श्रद्धाच बनते.

या विषयाचे संशोधन अमेरिकेत मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांपासून सुरू झाले. ज्या प्राण्यांना टाळता न येणारा त्रास वारंवार भोगावा लागला, ते पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही स्वस्थ पडून राहिले. हतबलता ही शिकली जाते, असा निष्कर्ष त्या वेळी काढण्यात आला. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या ज्ञानाच्या आधारे तो निष्कर्ष उलटा केला. दीर्घ त्रासापुढे हात टाकून बसणे ही मूळ प्रतिक्रिया होय; ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे मात्र शिकावे लागते, असे त्यांचे आजचे प्रतिपादन आहे. शिक्षकांच्या दृष्टीने ही दुरुस्ती फार मोलाची आहे. निराश मुलाला कोणी तरी बिघडविले असेलच असे नाही. आपल्या करण्याने फरक पडतो हे शिकण्याची संधी त्याला अद्याप मिळालेली नसावी, असेही असू शकते. आणि संधी देणे हे तर शाळेचे कामच आहे.

कॅरोल ड्वेक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे लक्षात घेण्याजोगा आहे. अपयश येताच हातपाय गाळणाऱ्या मुलांचे त्यांनी दोन गट केले. एका गटास सतत सोपी, यश मिळेल अशीच उदाहरणे दिली. दुसऱ्या गटास अधूनमधून अपयश येऊ दिले, परंतु प्रत्येक वेळी ‘आणखी प्रयत्न हवा होता’ असे कारण दाखवून दिले. पुढे कठीण उदाहरणे समोर येताच पहिला गट पूर्वीप्रमाणेच खचला. दुसरा टिकून राहिला. मुलास केवळ यशाचे गोड घास भरविल्याने आशा वाढत नाही. अपयशाचा अर्थ लावावयास शिकविल्याने ती वाढते.

स्तुतीबाबतही असेच आहे. १९९८ सालच्या प्रयोगांत, “तू हुशार आहेस” अशी स्तुती झालेली मुले पुढच्या कठीण कामास बिचकली. “तू मेहनत चांगली घेतलीस” अशी स्तुती झालेल्यांनी ते कठीण काम आपणहून निवडले. हुशारी ही आहे किंवा नाही अशी वस्तू. मेहनत मात्र उद्या पुन्हा करता येते.

३. आशा म्हणजे काय व काय नव्हे

आशा हा शब्द आपण सैलपणे वापरतो. कॅन्सस विद्यापीठातील सी. आर. स्नायडर (१९४४–२००६) यांनी १९९१ पासून त्याची जी मांडणी केली, ती अध्यापकास उपयोगी पडेल अशी आहे. त्यांच्या मते आशेला तीन अंगे असतात: एक ध्येय, त्या ध्येयाकडे नेणाऱ्या वाटा शोधण्याची क्षमता, आणि त्या वाटेने जाण्याचा निर्धार. निर्धार आहे पण वाट दिसत नाही, तो मनुष्य तडफडतो. वाट दिसते पण निर्धार नाही, तो बसून राहतो. आणि आशावान मनुष्याची खरी खूण ही की, एक वाट बंद झाली असता तो दुसरी शोधतो. १९९७ साली स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी अवघ्या सहा विधानांची एक मोजपट्टीही तयार केली. त्यांतील तीन विधाने निर्धाराविषयी व तीन वाटांविषयी आहेत.

याच्या उलट, नुसते गोड स्वप्नरंजन म्हणजे आशा नव्हे. गॅब्रिएले ओटिंगेन व डोरिस मायर यांनी २००२ साली जर्मनीतील पदवीधर तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी मिळेल अशी साधार अपेक्षा बाळगणाऱ्यांस पुढे नोकऱ्यांची बोलावणी अधिक आली. जे नोकरीची केवळ सुखद चित्रे मनात रंगवीत राहिले, त्यांनी अर्ज कमी केले आणि त्यांस यशही कमी आले. “मी मोठेपणी कलेक्टर होणार” हा निबंध दरवर्षी लिहून घेण्यात गैर काही नाही. परंतु कलेक्टर होण्यापूर्वी कोणत्या इयत्ता, कोणत्या परीक्षा आणि कोणत्या अडचणी येतात हे त्या निबंधात नसेल, तर तो आशेचा नव्हे, स्वप्नरंजनाचा पाठ होतो.

४. वाट पाहणे आणि विश्वास

पुढच्या लाभासाठी आजचा मोह आवरणे हे गुणी मुलाचे लक्षण होय, असे आपण मानतो. या समजुतीस मोठे बळ मिळाले ते वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगांमुळे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत त्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे गोड खाऊ ठेवला. ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, नाही तर हा एकच’ अशी अट होती. जी मुले अधिक वेळ थांबली ती पौगंडावस्थेत अभ्यासात पुढे दिसली, आणि संयम हीच यशाची किल्ली असा बोलबाला झाला.

पुढील संशोधनाने मात्र या चित्रात महत्त्वाची भर घातली. २०१८ साली टायलर वॉट्स व सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. संयम आणि पुढील यश यांचा संबंध मूळ अभ्यासाच्या सुमारे निम्माच आढळला, आणि घरची परिस्थिती व मुलाची आरंभीची बौद्धिक तयारी विचारात घेतल्यावर उरलेल्या संबंधातीलही बहुतांश नाहीसा झाला. थांबण्याची शक्ती ही पुष्कळ अंशी घराची देणगी होती.

त्याहून बोलका प्रयोग सेलेस्ट किड व सहकाऱ्यांचा, २०१३ सालचा. त्यांनी २८ लहान मुलांचे दोन गट केले. चित्रे काढण्यासाठी प्रथम साधे रंग देऊन “थांबलास तर चांगले रंग आणून देते” असे वचन प्रत्येकास दिले. एका गटाबाबत ते वचन पाळले. दुसऱ्या गटाकडे रिकाम्या हाताने परत येऊन “नाहीत ग, चुकले माझे” असे सांगितले. असे दोनदा झाल्यावर खाऊची परीक्षा घेतली. वचन पाळलेल्या गटातील मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. वचन मोडलेल्या गटातील मुले केवळ ३ मिनिटे. पूर्ण १५ मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटात १४ पैकी ९, दुसऱ्यात १४ पैकी फक्त एक.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. दुसऱ्या गटातील मुले हावरी नव्हती. ती शहाणी होती. ज्या जगात वचने मोडतात, तेथे हातचे घेणे हाच व्यवहार असतो. आपल्या वर्गातील जे मूल मिळेल ते आजच खाऊन, वापरून, खर्चून मोकळे होते, ते बेशिस्त आहे असे म्हणण्यापूर्वी त्याला आजवर किती ‘उद्या’ खरोखर भेटले, हा प्रश्न विचारावयास हवा. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी आशेचा उगम तान्ह्या वयातील विश्वासात सांगितला, आणि पौगंडावस्थेत जी काळाची गोंधळलेली जाणीव काही तरुणांत दिसते तिचा धागाही तेथपर्यंत नेला, तो याच कारणाने. आई गेली तरी परत येते, हा बाळाचा पहिला कालाभ्यास होय.

५. टंचाई काळ आखूड करते

येथे घरच्या परिस्थितीचा विचार टाळून चालणार नाही. तामिळनाडूतील ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पीक हाती येण्यापूर्वीच्या ओढगस्तीच्या दिवसांत आणि उसाचे पैसे आल्यानंतर, अशा दोन वेळी त्याच शेतकऱ्यांच्या विचारशक्तीची कसोटी घेतली. माणसे तीच, परंतु ओढगस्तीच्या काळात त्यांची कामगिरी खालावलेली होती. पैशाची चिंता मनाची जागा व्यापते. दूरचे पाहण्यास जागा उरत नाही.

ऊस पिकविणाऱ्यांची ही गोष्ट. तोडणाऱ्यांची त्याहून कठीण. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम आटोपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास, परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि त्या कोयत्यापोटी मुकादमाकडून हंगामापूर्वीच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पुढचे महिने आधीच विकले गेलेले असतात. अशा घरातील मुलाच्या दृष्टीने भविष्यकाळ म्हणजे आपला मोकळा काळ नव्हे. तो दुसऱ्याच्या वहीत मांडलेला असतो. शिवाय त्याचे शाळेचे वर्ष मध्येच तुटते. परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला, आपले पुस्तक मागे राहिलेले. ‘आपण करू लागलेले काम पुरे होते’ हा अनुभव, ज्यावर आशेची इमारत उभी राहते, तोच त्याला मिळत नाही. हंगामी वसतिगृहात राहून ज्या मुलांचे वर्ष अखंड राहते, त्यांना केवळ जेवण व निवारा मिळतो असे नाही. त्यांना सलग काळ मिळतो.

६. तारुण्यातील परिणाम

फिलिप झिम्बार्डो व जॉन बॉइड यांनी १९९९ साली माणसांच्या कालदृष्टीचे पाच प्रकार मांडले. काहींच्या मनात भूतकाळाचे दुःख घर करून असते, काहींना त्याच्या सुखद आठवणींचा आधार असतो. काही वर्तमानातील सुखात रमतात. काही वर्तमानात जगतात ते मात्र ‘नशिबात असेल तसे होईल’ या भावनेने. आणि काहींची दृष्टी भविष्याकडे लागलेली असते. कोणत्याही माणसात हे पाचही कमीअधिक प्रमाणात असतात. आपल्या चिंतेचा विषय आहे तो चौथा प्रकार. मौज म्हणून आज जगणारा तरुण उद्या सुधारू शकतो. परंतु आपल्या करण्याने काही घडत नाही असे ज्यास वाटते, तो बेतच करीत नाही.

वयाचाही यात वाटा आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग व सहकाऱ्यांनी २००९ साली १० ते ३० वर्षे वयाच्या ९३५ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. तेरा वर्षांपर्यंतची मुले तात्काळ मिळणारी लहान रक्कम अधिक पत्करतात. सोळाच्या पुढे ही ओढ कमी होते, आणि पुढचा विचार करण्याची सवय त्यानंतरही वाढत राहते. आपल्याकडे पुष्कळ मुलांचे, आणि विशेषतः मुलींचे, आयुष्याचे निर्णय नेमके या वाढीच्या मध्यावर घेतले जातात. म्हणूनच ती वाढ होण्यापुरती वर्षे त्यांना शाळेत मिळणे हे केवळ अभ्यासक्रमासाठी नव्हे, तर स्वतःचा काळ स्वतः पाहता येण्यासाठी आवश्यक आहे.

७. समोरच्या उदाहरणाचे बळ

उपदेशाने आशा वाढते की उदाहरणाने, याचे उत्तर आपल्या देशातच मिळालेले आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पश्चिम बंगालमध्ये ग्रामपंचायतींचे प्रमुखपद आळीपाळीने स्त्रियांसाठी राखीव झाले. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे व पेटिया टोपालोव्हा यांनी बीरभूम जिल्ह्यातील ४९५ गावांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष मांडले. ज्या गावांत सलग दोन मुदतींस स्त्री प्रमुख होती, तेथे मुलामुलींच्या स्वतःविषयीच्या आकांक्षांतील अंतर ३२ टक्क्यांनी घटले. आईबापांच्या आकांक्षांतील अंतरही घटले. आणि शिक्षणातील अंतर तर नाहीसेच झाले. गावात नव्या शाळा उघडल्या होत्या असे नाही. आपल्यासारख्याच घरातील एक स्त्री सभेच्या अध्यक्षस्थानी बसलेली मुलींना दिसत होती.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. आपल्या गावच्या सरपंचबाई वर्षातून दोनदा जरी शाळेत येऊन आपल्या कामाविषयी मुलांशी बोलल्या, तरी बीरभूमचा धडा आपल्या अंगणात येतो. आपल्या परंपरेतही हे नवे नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत शाळाच कुरणात नेली. मुलाच्या वेळेचा मान शाळेने राखला, तर मूल शाळेच्या वेळेचा मान राखू लागते.

८. वर्गात काय करता येईल

पुढील सूचनांस खर्च जवळजवळ नाही. सातत्य मात्र लागते.

(१) पहिली-दुसरीत काळ डोळ्यांना दिसू द्यावा. भिंतीवर दिनदर्शिका लावून रोज एका मुलाने ‘काल, आज, उद्या’ सांगावे. बाजारचा दिवस, नागपंचमी, पोळा यांस किती दिवस उरले ते खडूच्या रेघांनी मोजावे.

(२) तिसरी-चौथीत बी पेरून नोंद ठेवावी. मेथी चार-पाच दिवसांत उगवते, आंब्याची कोय काही आठवडे घेते, आणि तिला फळ येण्यास कित्येक वर्षे लागतात. एकाच वाफ्यात मुलांना तीन प्रकारचे ‘पुढे’ पाहावयास मिळतात. कोय मात्र अशा जागी लावावी की, मुले सातवीत गेल्यावरही ते झाड तेथे असेल.

(३) दिलेला शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. “शुक्रवारी गोष्ट सांगेन” असे म्हटले तर शुक्रवारी ती सांगावी. जमले नाही तर कारण सांगून नवा दिवस ठरवावा व तो पाळावा. जे पाळणे आपल्या हाती नाही, ते वचन देऊ नये. गणवेश किंवा शिष्यवृत्तीची रक्कम अमुक दिवशी येईल असे वरून कळल्याखेरीज सांगू नये.

(४) वही तपासताना चूक व्यक्तीची नव्हे, पायरीची दाखवावी. ‘लक्ष नाही’ यापेक्षा ‘हातचा मिळविला नाही’ हा शेरा मुलास पुढे नेतो. “तुझ्या घरात कोणालाच येत नाही” यासारखे वाक्य तर कोणत्याही शिक्षकाच्या तोंडी कधी येऊ नये.

(५) पाचवी ते सातवीत ‘मी कोण होणार’ या निबंधास तीन प्रश्न जोडावेत: पहिली पायरी कोणती, अडचण कोणती येईल, आणि ती आली तर दुसरी वाट कोणती?

(६) दूरचा काळ दिवसांत सांगावा. नील लुइस व डॅफ्ना ऑयझरमन यांच्या २०१५ सालच्या प्रयोगांत, ‘३० वर्षांनी’ ऐवजी ‘१०,९५० दिवसांनी’ असे सांगितले असता लोकांनी बचत कितीतरी लवकर सुरू करण्याचा बेत केला. ‘परीक्षा दीड महिन्यावर आहे’ यापेक्षा ‘परीक्षेस ४५ दिवस आहेत’ हे मुलास अधिक जवळचे वाटते.

(७) स्थलांतराने जाणाऱ्या मुलाची जागा राखावी. निघताना त्याच्या पुस्तकात खूण घालावी, परतण्याचा अंदाजे महिना वर्गाच्या दिनदर्शिकेवर लिहावा, आणि पालकांच्या भ्रमणध्वनीवरून अधूनमधून त्याच्याशी बोलावे. हंगामी वसतिगृहाची सोय असल्यास पालकांशी निघण्यापूर्वीच, म्हणजे दसऱ्याच्या आधी, चर्चा करावी.

(८) माजी विद्यार्थ्यांस बोलवावे, परंतु केवळ मोठ्या हुद्द्यावर पोहोचलेल्यांस नव्हे. नापास होऊन पुन्हा बसलेला, एक धंदा बुडून दुसरा उभा केलेला, लग्नानंतर बारावी पूर्ण केलेली, अशांचे अनुभव मुलांना वाटा दाखवितात.

९. मर्यादेचे भान

या सर्वांतून असा अर्थ काढू नये की, आशा शिकविली म्हणजे दारिद्र्य हटेल. वसतिगृहात जागा नसेल, माध्यमिक शाळेस जाणारी एसटी नसेल, मजुरी पोटास पुरत नसेल, तर तरुणास ‘पुढचा विचार कर’ असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरते. ‘पुढचं पुढं बघू’ म्हणणारा तरुण पुष्कळदा आपल्या परिस्थितीचे अचूक वर्णन करीत असतो. त्याची परिस्थिती बदलण्याचे काम समाजाचे व शासनाचे आहे, आणि त्यासाठी शिक्षकाने ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत बोलावयासच हवे.

परंतु परिस्थिती बदलू लागते, वाट उघडते, तेव्हा त्या वाटेकडे पाहण्याची सवय ज्याच्या मनास बालपणी लागलेली असते तोच तिच्यावर पाऊल टाकतो. ती सवय लावण्याचे साधन प्रत्येक एकशिक्षकी शाळेतही उपलब्ध आहे: ठरल्या वेळी उघडणारे दार, तपासून परत मिळणारी वही आणि पाळलेला शब्द. शिक्षकाच्या बोलण्यातील ‘उद्या’ खरा ठरत गेला, तर विद्यार्थ्यास आपल्या आयुष्यातील ‘उद्या’वरही भरवसा ठेवावासा वाटतो.

केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील मुले स्वतःच्या अपयशाची कोणती कारणे सांगतात? एक आठवडा ती वाक्ये टिपून त्यांतील ‘कायमची’ व ‘तात्पुरती’ कारणे वेगळी करा.

२. गेल्या महिन्यात शाळेने मुलांना दिलेली कोणती वचने पाळली गेली व कोणती राहिली?

३. आपल्या गावातून हंगामी स्थलांतर करणारी मुले किती? त्यांचे वर्ष अखंड राहावे म्हणून केंद्रातील शाळांनी मिळून काय करता येईल?

४. सात-आठ वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या पाच मुलामुलींशी बोला. पुढील एका वर्षाचा त्यांचा बेत काय आहे, आणि बेत नसल्यास त्याचे कारण ते काय सांगतात?